माशाच्या पोटातलं बिऱ्हाड

  कोणी भाजी निवडत असेल, कोणी वाडीत फुलं खुडत असेल, कोणी मासळी साफ करत असेल. मासळी साफ करत असाल तर फारच छान. कारण तुम्ही आत्ता जी जागा विळीवर उघडलीत, तिच्याबद्दलच आज आम्ही बोलणार आहोत. माशाचं पोट.

आपण पोट चिरतो, बोट घालून आतलं सगळं ओढून काढतो आणि म्हणतो, "घाण काढली." मांजर वाट बघत असतं, त्याला ती घाण टाकतो आणि विषय संपतो. आम्हीही जन्मभर हेच करत आलो. पण ज्याला आपण घाण म्हणतो, त्यात एक अख्खं बिऱ्हाड राहत असतं, आणि त्या बिऱ्हाडाशी नीट वागलं नाही तर पैसे बुडतात, माणसंही आजारी पडतात, हे आमच्या गटाला दोनदा ठेच लागल्यावर कळलं. त्या दोन्ही ठेचा आज तुम्हाला सांगतो.

पहिली ठेच बावखलातली. वसईच्या पश्चिम पट्टीतल्या बायकांना बावखल म्हणजे काय ते सांगायला नको. पण जव्हार-मोखाड्याच्या बहिणी हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. बावखल म्हणजे आपल्या पूर्वजांनी वाडीजवळ खणलेलं गोड्या पाण्याचं लहान तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझरतं. पूर्वी त्यावर रहाट चालायचे आणि केळी, पानवेली, भाजीपाला त्याच्यावर पिकायचा. आता कितीतरी बावखलं बुजली. आमच्या गावात एक शिल्लक होतं, शेवाळाने भरलेलं. आमच्या गटातल्या बारा जणींनी ते साफ केलं, मालकाशी बोलणं केलं, गटाच्या बचतीतून पंधरा हजारांचं कर्ज घेतलं आणि पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळची चारशे बोटुकली सोडली.

पहिले तीन महिने मजेत गेले. रोज भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा टाकायचो. मासे वर यायचे, पोरं बघायला यायची. मग आम्हाला घाई झाली. नाताळला मासे मोठे व्हायला हवेत म्हणून आम्ही खाद्य दुप्पट केलं. चार जणी चार वेळा खाद्य टाकून जायच्या, कोणी कोणाला विचारायची नाही. एके दिवशी पहाटे काकी धावत आल्या. म्हणाल्या, "मासे पाण्यावर तोंड काढून हापापतायत गं!"

आम्ही घाबरलो. एका दुकानात जाऊन सांगितलं, मासे आजारी पडले. दुकानदाराने एक पांढरी भुकटी दिली, खाद्यात मिसळून सात दिवस द्या म्हणाला. ते अँटिबायोटिक होतं, म्हणजे प्रतिजैविक. आपल्याला डॉक्टर गोळ्यांचा कोर्स देतात, त्याच जातीचं. आम्ही वर चमचाभर जास्तच घातलं, लवकर गुण यावा म्हणून. त्या आठवड्यात मासे थोडे शांत झाल्यासारखे वाटले. पुढे त्यांनी खाणं कमी केलं. महिन्याभरात कुणाच्या अंगावर लाल चट्टे, कुणाचं पोट फुगलेलं, खवले उभे राहिलेले. रोज सकाळी दोन-चार मेलेले मासे काढायचे. चारशेतले निम्मेसुद्धा हाती लागले नाहीत.

तेव्हा आमच्यातल्या एकीची भाची सुट्टीला आली होती. ती मत्स्यशास्त्र शिकते. तिने पाणी बघितलं, तळाचा गाळ हातात घेऊन वास घेतला, आणि आम्हाला विचारलं, "मावशी, औषध दिलंत कुणाला? माशाला, की त्याच्या पोटातल्या बिऱ्हाडाला?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती बावखलाच्या काठावर बसली आणि तिने आम्हाला जे सांगितलं, ते आम्ही नंतर आणखी विचारून, वाचून समजून घेतलं. तेच तुम्हाला सांगतो.

रोहू कापून बघा. त्याचं आतडं गुंडाळीगुंडाळीने भरलेलं असतं. सरळ केलं तर माशाच्या लांबीच्या कितीतरी पट भरतं. आणि एक गंमत, रोहू-कटला ह्यांच्या कुळाला आपल्यासारखी जठराची पिशवी नसतेच, तोंडातून गेलेलं खाणं थेट आतड्यात. उलट आपला बोंबील बघा. तो शिकारी. त्याच्या पोटात कधी जवळा सापडतो, कधी मांदेली, कधी दुसरा लहान बोंबीलसुद्धा. मांस पचायला सोपं, म्हणून मांस खाणाऱ्याचं आतडं आखूड. शेवाळ, पाला, कुजकं-माजकं खाणाऱ्याचं लांब. कारण ते पचायला वेळ लागतो, आणि मदतनीस लागतात.

ते मदतनीस म्हणजे जीवाणू. डोळ्याला न दिसणारे, पण संख्येने कोट्यवधी. गाईच्या पोटातले जीवाणू चारा पचवायला मदत करतात हे आपल्याला माहीत असतं. माशाच्या आतड्यातही तसे राहतात. पाल्यातला जो चिवट भाग माशाला स्वतःला फोडता येत नाही, तो थोडाफार ते फोडतात. काही जीवाणू जीवनसत्त्व तयार करतात. आपल्याकडे रक्त तपासलं की पुष्कळजणींचं बी-१२ कमी निघतं, बरोबर? हे बी-१२ कुठलंही झाड बनवत नाही, कुठलंही जनावर बनवत नाही, माणूसही नाही. ते फक्त जीवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांनाच जमतं. सायप्रिनस आणि तिलापिया ह्या माशांच्या आतड्यात ते बनवणारे जीवाणू भरपूर असतात, म्हणून त्या माशांना खाद्यातून बी-१२ वेगळं द्यावं लागत नाही. घरातच कारखाना.

हे पाहुणे येतात कुठून? अंड्यातून बाहेर आलेल्या रोहूच्या पिल्लाच्या आतड्यात जवळजवळ कोणीच नसतं. साधारण तीन दिवस ते अंगावरच्या पिवळ्या शिदोरीवर जगतं. मग तोंड उघडून खायला लागतं, आणि पाण्याबरोबर, पहिल्या घासाबरोबर जीवाणू आत शिरतात. म्हणजे पाणी जसं, तसं बिऱ्हाड. पण नुसतं पाण्यावर नाही. घराचाही काही हिशेब असतो.

ह्याचा एक सुंदर प्रयोग आहे. झेब्राफिश नावाचा बोटाएवढासुद्धा नसलेला, निळ्या पट्ट्यांचा मासा आहे. मूळ आपल्याच देशातल्या ओढ्या-नद्यांतला, काचेच्या पेटीत लोक हौसेने पाळतात. त्याची पिल्लं पारदर्शक असतात, बाहेरून आतडं दिसतं. अमेरिकेत जॉन रॉल्स आणि जेफ्री गॉर्डन ह्या शास्त्रज्ञांनी ह्या माशाची पिल्लं एकही जीवाणू लागू न देता वाढवली आणि २००४ साली काय दिसलं ते छापलं. जीवाणू नसलेल्या पिल्लांच्या आतड्याचा कारभार वेगळा चालत होता. पचनाचा, रोगाशी लढण्याचा, आतड्याचं अस्तर नवं करण्याचा, सगळाच. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांना असंही दिसलं की जीवाणूंशिवाय आतड्याची घडण अर्धवट राहते, आणि मागाहून जीवाणू दिले तर ती सुधारते. म्हणजे बिऱ्हाड नुसतं भाड्याने राहत नाही, घर बांधायलाही हातभार लावतं.

मग २००६ साली त्यांनी अदलाबदल केली. उंदराच्या आतड्यातले जीवाणू माशात, माशाचे उंदरात. काय झालं असेल? माशाच्या पोटात गेलेल्या उंदराच्या जीवाणूंनी माशाच्या घराची रीत धरली. माशाकडे ज्या जातीचे जास्त असायचे ते वाढले, बाकीचे मागे पडले. सासरी आलेली मुलगी जशी त्या घराच्या चवीचं कालवण शिकते, तसंच म्हणा. पाहुणे कोणीही येवोत, कोणाला किती जागा द्यायची हे घरही ठरवतं.

आता आमच्या बावखलाकडे परत येऊ. पहाटे मासे हापापत होते, तो रोग नव्हताच. आम्ही टाकलेलं जास्तीचं खाद्य तळाशी कुजत होतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, सोडत नाही. म्हणून पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. मासे श्वासासाठी वर आले होते. त्यांना हवं होतं खाद्य बंद करणं आणि ताजं पाणी. आम्ही दिलं प्रतिजैविक.

आणि प्रतिजैविक काही माणूस बघून मारत नाही. रोगाचा जंतू आणि पोटातला मदतनीस, दोघांवर सारखाच घाव. बिऱ्हाड ओस पडलं की मोकळ्या खोल्यांत घुसायला बाहेर कोणीतरी टपलेलं असतंच. एरोमोनास नावाचा एक जीवाणू आहे. तो गोड्या पाण्यात असतो, धडधाकट माशाच्या आतड्यातही थोडा असतो आणि गुपचूप राहतो. शेजार भरलेला असेल, मासा ठणठणीत असेल, तर त्याला वाढायला वाव मिळत नाही. पाणी बिघडलं, मासा अशक्त झाला, की हाच जीवाणू अंगावर चट्टे आणतो, पोट फुगवतो. आमचे मासे फक्त औषधाने मेले असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पाणी आम्हीच आधी बिघडवलं होतं. पण ज्या वेळी त्यांना राखणदारांची सगळ्यात जास्त गरज होती, नेमके तेव्हाच आम्ही राखणदार मारले.

ह्यात आणखी एक भीती आहे, ती तुमच्या-आमच्या मुलांची. अर्धवट, चुकीचं प्रतिजैविक दिलं की काही जीवाणू त्यातून वाचतात. वाचलेले जीवाणू ती युक्ती दुसऱ्या जीवाणूंना देऊ शकतात. आपण शेजारणीला लोणच्याची कृती लिहून देतो ना, तशी. मग तोच जंतू उद्या माणसाला लागला तर डॉक्टरांचं औषध चालत नाही. माशाने खाल्लेल्या औषधाचा बराचसा भाग पाण्यातही जातो, आणि आपलं बावखल तर विहिरींना पाझरतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ह्या औषधांना मत्स्यपालनात बंदी आहे, ती उगाच नाही. आम्ही दिलेली भुकटी नेमकी कोणती होती, हे आम्हाला माहीत नाही. पुडीवर नाव नव्हतं. नाव नसलेली पुडी आम्ही घेतली, ही चूक आमचीच.

आता दुसरी ठेच. ती मेलेल्या माशाची आहे.

आमच्यातली एक वहिनी लिलावातून मासळी घेऊन दारोदार विकते. एकदा बांगडा स्वस्त मिळाला. पाटीत भरला, वर ओलं फडकं टाकलं, बर्फ घेतला नाही, कारण बर्फाचे पैसे वाचतील. उन्हात दुपारपर्यंत विकला. संध्याकाळी एक गिऱ्हाईक घरी आलं. म्हणालं, बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांची तोंडं लाल झाली, अंगाला खाज, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. वहिनी रडकुंडीला आली. "मासा शिळा नव्हता हो! वास घेऊन दिला होता मी." आणि ती खोटं बोलत नव्हती. वास खरंच आला नव्हता.

इथेही तेच बिऱ्हाड. मासा जिवंत असतो तोवर त्याचं शरीर आतड्यातल्या आणि कल्ल्यातल्या जीवाणूंना त्यांच्या जागी ठेवतं. मासा मेला की दार राखणारा कोणी उरत नाही. आतड्यातले पाचकरस माशाचंच पोट पचवायला लागतात, म्हणून पोट मऊ पडतं, फुटतं. आणि जीवाणू मांसात उतरतात. बांगडा, तारली, कुपा, सुरमई ह्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा एक घटक भरपूर असतो. काही जीवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा आपल्या शरीरात जे सुटतं, तेच हे. म्हणून तोंड लाल, खाज, डोकेदुखी.

मैत्रिणींनो, ह्यातली मुख्य गोष्ट कानात बांधून ठेवा. हिस्टामाइन एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, तळून जात नाही, मीठ लावून, सुकवून, बर्फात ठेवूनही जात नाही. मासा चांगला दिसतो, वासही नसतो, तरी ते असू शकतं. म्हणजे ते तयारच होऊ द्यायचं नाही, हा एकच उपाय. आणि तो उपाय म्हणजे मासा पाण्यातून बाहेर आल्यापासून थंडावा. वहिनीने शंभर-दीडशे रुपयांचा बर्फ वाचवला, आणि दहा वर्षांचं गिऱ्हाईक घालवलं.

आमच्या आजेसासूबाई सांगायच्या की रात्री अंधारात टोपलीतली मासळी कधीकधी निळसर चमकते, आणि पोरं भुताला भिऊन पळतात. ते भूत नव्हे. समुद्रात उजेड देणारे जीवाणू असतात, ते मासळीवर वाढले की असं होतं. आणि जाळ्यात तो चपटा, चांदीसारखा, तोंड नळीसारखं पुढे काढणारा लहान मासा येतो ना, त्यातल्या कित्येकांच्या अन्ननळीभोवती ह्या उजेडवाल्या जीवाणूंसाठी खास खोलीच असते. मासा त्यांना खायला घालतो, ते त्याला दिवा देतात. पोटाखाली मंद उजेड पडला की खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला त्याची सावली दिसत नाही. म्हणजे जिवंतपणी दिवा लावणारे आणि मेल्यावर मासळीवर पसरणारे, दोन्ही एकाच गोत्रातले.

आम्हाला ह्या सगळ्यातून एवढं कळलं. माशाच्या पोटातले जीव चांगले की वाईट, असा प्रश्नच नाही. मासा जिवंत आणि पाणी निर्मळ, तर ते राखणदार. मासा मेला आणि ऊन लागलं, तर तेच नासधूस करणारे. म्हणून जिवंत मासा पाळणाऱ्या बाईने त्यांना जपायचं, आणि मेलेला मासा विकणाऱ्या बाईने त्यांना थोपवायचं.

ते कसं करायचं, हे आमच्या गटाने ठरावाच्या वहीत लिहिलं आहे. वाचून दाखवतो.

मासे पाळणाऱ्यांसाठी. खाद्य टाकायची जबाबदारी एका दिवशी एकीचीच. माशांच्या अंदाजे एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के खाद्य, त्याहून जास्त नाही. भोकं पाडलेल्या पिशवीत किंवा ताटलीत खाद्य ठेवायचं आणि दोन तासांनी बघायचं. उरलं असेल तर उद्या कमी. पहाटे मासे हापापताना दिसले तर खाद्य बंद, पंप लावून ताजं पाणी उंचावरून पाडायचं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर आपण गोळी घेतो, तसं जाणकाराने पाणी आणि मासा बघितल्याशिवाय औषध नाही. पालघरला मत्स्यव्यवसाय खात्याचं कार्यालय आहे, मुंबईला वर्सोव्याला १९६१ सालापासून केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे. विचारायला पैसे पडत नाहीत. बाजारात चांगल्या जीवाणूंच्या पुड्याही मिळतात, त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. त्या सगळ्या खोट्या नाहीत, पण गाळ कुजत असताना पुडी टाकणं म्हणजे गळक्या मडक्यात विरजण लावणं. आधी पाणी, मग पुडी. आणि पुडीवर जीवाणूचं नाव, मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर हातही लावायचा नाही.

मासळी विकणाऱ्यांसाठी. जेवढी मासळी तेवढाच बर्फ. किलोला किलो. खाली बर्फाचा चुरा, मग मासळीचा थर, परत चुरा. वितळलेलं पाणी निघून जायला खाली भोक हवं, मासळी त्या पाण्यात बुडून राहायला नको. बांगडा, तारली, कुपा तर मिनिटभरही उन्हात नाही. मोठा मासा असेल तर लवकर पोट आणि कल्ले काढून स्वच्छ पाण्याने धुवायचा. आतडं काढताना ते मांसावर फुटू द्यायचं नाही. एक विळी पोट काढायला, दुसरी तुकडे करायला. जमत नसेल तर मधे धुवायची. मोठी मासळी सुकवायची असेल तर पोट काढून, मीठ लावून, आणि ताजी असतानाच. विकली गेली नाही म्हणून संध्याकाळी सुकत घातली, असं नाही.

आणि काढलेली घाण बावखलात किंवा गटारात टाकायची नाही. वाडीत खड्डा करून, वर सुका पाला आणि माती टाकून पुरायची. नारळाला, केळीला ते खत सोन्यासारखं.

पंधरा हजारांपैकी सहा हजार अजून फिटायचे आहेत. दर महिन्याच्या बैठकीत तो आकडा मोठ्याने वाचतो, लपवत नाही. ह्या पावसाळ्यात बावखलात परत बोटुकली सोडली, ह्यावेळी तीनशेच. काकी रोज पहाटे काठावर जाऊन उभ्या राहतात. परवा म्हणाल्या, "सगळं खाली आहे. वर कोणी आलं नाही." आम्हाला तेवढं ऐकून बरं वाटलं.

वहिनीचं गिऱ्हाईक अजून परत आलेलं नाही. पण तिच्या पाटीत आता बर्फ असतो, आणि नवं कोणी "भाव जास्त का?" असं विचारलं तर ती भांडत नाही. बांगड्याचं पोट उघडून दाखवते आणि ही सगळी गोष्ट सांगते.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. एक ताजा मासा आणि एक दुपारपर्यंत बाहेर राहिलेला मासा, दोन्ही शेजारी ठेवून पोट चिरून बघा. आणि आपल्यात औषधाची बिननावाची पुडी कोणाकडे आहे का, ते विचारा. असेल तर वापरू नका.

येतो आता. मासळी झाकून ठेवा, मांजर बसलंच असेल. नमस्कार.